जुनी लिव्हर रायफल घ्यावी का? आधी कागद, मग काडतूस, शेवटी लोखंड

मराठवाड्यात जुनी रायफल विकायला निघते ती बहुधा ठरलेल्या कारणाने. परवाना ज्याच्या नावावर होता तो घरातला कर्ता माणूस जातो, मुलं पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली असतात, नूतनीकरणाच्या खेपा घालायला कुणाला सवड नसते आणि रायफल पोलीस ठाण्यात नाहीतर शस्त्रविक्रेत्याकडे जमा होऊन पडते. मग कुणीतरी येऊन सांगतं, "निजामाच्या काळातली विंचेस्टर आहे, खालचा लिव्हर ओढला की काडतूस चढतं, घेता का?" ऐकणारा उठतो, जाऊन रायफल हातात घेतो, लिव्हर दोनदा खाली-वर करतो आणि त्या खटखटीवरच भाळतो.

इथेच क्रम चुकतो. अशा व्यवहारात पहिल्यांदा कागद बघायचे, त्यानंतर काडतूस आणि लोखंड सगळ्यात शेवटी. कागद फसले तर २ ते ५ वर्षांची शिक्षा होऊ शकते, आणि काडतूस मिळत नसेल तर हातात उरते ती महागडी काठी. लोखंडातला दोष मात्र बऱ्याचदा दुरुस्त होतो, निदान पैसे देण्याआधी दिसतो तरी. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने जातो.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न आहे.

कशासाठी हवी?

शिकारीसाठी हवी असेल तर विषय तिथेच संपला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस गेले. रोही आणि रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात हे खरं आहे, आणि अशा जनावरांसाठी कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळण्याची सोयही आहे. पण ती परवानगी ठराविक जनावरासाठी, ठराविक जागेपुरती असते. काळवीट पहिल्या अनुसूचीत येतं. त्याने तूर खाल्ली म्हणून त्याच्यावर बंदूक उचलता येत नाही.

पीकरक्षणासाठी रायफल मागण्यात आणखी एक अडचण आहे. शस्त्र अधिनियम १९५९चं कलम १३ वाचा. पीकरक्षणासाठी त्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर किमान २० इंची नळीच्या गुळगुळीत बोरच्या बंदुकीचा. रायफल त्या यादीत नाही. तिच्यासाठी "सबळ कारण" वेगळं पटवून द्यावं लागतं. आपल्याकडची जमीन बघितली तर यामागचं शहाणपण कळतं. बाराबोरचे छरे काहीशे मीटरवर जमिनीला लागतात, रायफलची चुकलेली गोळी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. काळ्या रानात गोळी अडवायला ना टेकडी असते ना झाडी, आणि पलीकडच्या वस्तीवर माणसं असतात.

उरतात तीन कारणं: वारसा जपणं, रेंजवर निशाणेबाजी आणि निव्वळ संग्रह. वारशाची रायफल ठेवणं आणि बाजारातून विकत घेणं यात फरक आहे. वारसाला भावनेची किंमत मोजायला हरकत नाही, विकत घेणाऱ्याने मोजू नये. निशाणेबाजीसाठी घेणार असाल तर आधी रेंज शोधा. तुमच्या जिल्ह्यापासून ती किती लांब आहे आणि तिथे मोठ्या बोरच्या रायफली चालतात का, हे विचारा. बऱ्याच रेंज एअर रायफल आणि .२२ यांच्यापुरत्याच असतात.

कागद

परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून जिल्हादंडाधिकारी देतात. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे तिथे तो अधिकार आयुक्तांकडे आहे. वय २१ पूर्ण हवं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात (आधी तीन होती) आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. दोनाची ही मर्यादा वारशाने मिळणाऱ्या शस्त्रालाही लागू आहे. घरात आधीच बाराबोर आणि रिव्हॉल्व्हर असेल तर तिसरी जागा नाही, हे सौद्याआधी मोजा.

विकणाऱ्याच्या बाजूने तीन गोष्टी तपासा.

पहिली, शस्त्र कायदेशीररीत्या त्याच्या ताब्यात आहे का. मूळ परवानेधारक वारला असेल तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झालेलं असायला हवं, आणि जमा केल्याची पावती हवी. जमा असतानाही वारस ते योग्य परवाना असलेल्या माणसाला विकू शकतात, पण ठरलेल्या मुदतीत. मुदत उलटली तर ते सरकारजमा होऊ शकतं. "बाबा गेले, तेव्हापासून कपाटातच आहे" असं कुणी म्हणालं तर त्या रायफलला हातही लावू नका. ते शस्त्र त्या घडीला बेकायदा ताब्यात आहे, आणि उचलून बघणाऱ्याचं नावही पंचनाम्यात येऊ शकतं. वारस अनेक असतील तर सगळ्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र घ्या. शेताच्या वाटणीवरून भांडणारे भाऊ रायफलवरूनही भांडतात.

दुसरी, ४५ दिवसांची सूचना. एका खाजगी परवानेधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचं असेल तर कलम ५ प्रमाणे त्याने जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदाराला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबायचं असतं. त्या पत्राची पोचशिक्क्यासह प्रत मागा. प्रत नसेल तर पैसे देऊ नका, इसारही नको.

तिसरी, क्रमांक. रायफलवर बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक ठसठशीत असायला हवा. या खुणा नसलेलं शस्त्र विकणंच कलम ८ खाली गुन्हा आहे. विंचेस्टर १८९४चा क्रमांक रिसीव्हरच्या (नळीमागे यंत्रणा बसते त्या लोखंडी सांगाड्याच्या) पोटावर, पुढच्या बाजूला असतो. तो परवान्यातल्या क्रमांकाशी एकेक अंक करून ताडा. मराठवाड्यात याचा खास घोळ होतो. १९४८च्या आधीचे कागद उर्दूत असतात. उर्दूतला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, आणि तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात आणि आठ हे एकमेकांचे उलटे. कागद उलटा धरला की सत्त्याहत्तर-अठ्ठ्याऐंशीची अदलाबदल होते. पुढे कधीतरी कारकुनाने तो क्रमांक इंग्रजीत उतरवताना चूक केली असेल तर ती नूतनीकरणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. असा फरक दिसला तर सौद्याआधी विकणाऱ्याच्या परवान्यावर दुरुस्ती करून घ्या. तुमच्या नावावर आल्यावर तो गुंता तुमचा होतो. जुन्या पावतीवरचं साल फसली असेल तर त्यात ५९० मिळवा: १३४० फसली म्हणजे साधारण १९३०-३१.

एक गैरसमज इथेच मोडून टाकू. अमेरिकेतल्या संकेतस्थळांवर वाचून लोक सांगतात की १८९८पर्यंत बनलेल्या बंदुकीला परवाना लागत नाही. तो तिकडचा कायदा. आपल्या कायद्यात सालाची अशी रेघ नाही. कलम ४५मध्ये सूट आहे ती जुन्या घाटाच्या, पुराणवस्तूच्या मोलाच्या किंवा नादुरुस्त अशा शस्त्राला, आणि तीही ते दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येत नसेल तर. १८९४ची चालू विंचेस्टर १३० वर्षांची असली तरी तिला परवाना लागतोच.

काडतूस

बंदूक एकदा घेतली की झालं, काडतूस मात्र दरवेळी घ्यावं लागतं. लिव्हर रायफली बहुतेक अमेरिकन, त्यांची काडतुसंही अमेरिकन, आणि खाजगी आयात गेली कित्येक दशकं जवळपास बंद आहे. म्हणून बोर (नळीचं माप, म्हणजे तिच्यात कोणतं काडतूस बसतं ते) समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते नळीवर कोरलेलं असतं.

.३०-३०: विंचेस्टर १८९४ आणि मार्लिन ३३६ यांचं नेहमीचं बोर. ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ६७० मीटर वेगाने जाते. उत्तम काडतूस, पण भारतात बनत नाही. दुकानात मिळालं तर जुन्या आयातीतलं, मोजकं आणि महाग.

.४४-४०, .३८-४०, .३२-२०: विंचेस्टर १८७३ आणि १८९२ची बोरं. काडतुसं अतिशय दुर्मीळ.

.४०५: विंचेस्टर १८९५चं गाजलेलं बोर, थिओडोर रूझवेल्टच्या आफ्रिकेतल्या सिंहांमुळे प्रसिद्ध. भिंतीवर शोभून दिसतं.

.३०-०६: हेही १८९५मध्ये निघत असे. भारतीय आयुध निर्माणीची .३०-०६ स्पोर्टिंग रायफल असल्यामुळे मोठ्या बोरांत काडतूस मिळण्याची आशा असेल तर इथे. मात्र या काडतुसाचा दाब त्या जुन्या यंत्रणेला जड जातो. त्याबद्दल खाली.

.२२: मार्लिन ३९ए सारख्या छोट्या लिव्हर रायफली. काडतूस भारतात बनतं, रेंजवर चालतं, आवाज आणि धक्का कमी. खरोखर वापरायची म्हणून लिव्हर रायफल घ्यायची असेल तर आमचं मत ह्याच बाजूला पडतं, पण तिला कुणी निजामाच्या काळातली म्हणणार नाही.

आता सापळे. सेनेची .३०३ आणि ७.६२ काडतुसं ज्या नळीत बसतात ती बोरं प्रतिबंधित धरली जातात, साध्या परवान्यावर चालत नाहीत. विंचेस्टर १८९५ ब्रिटिश .३०३मध्येही बनली, आणि पहिल्या महायुद्धात रशियासाठी ७.६२मध्ये तर लाखांनी बनली. सॅव्हेज ९९ ही सुंदर रायफल .३०८मध्ये आली असेल तर त्यात सेनेचं ७.६२ बसतं. याच सॅव्हेजचं आणखी एक जुनं बोर आहे, .३०३ सॅव्हेज. ते ब्रिटिश .३०३पेक्षा पूर्ण वेगळं काडतूस, पण कागदावर नुसतं ".३०३" लिहिलेलं असेल तर कारकून ते प्रतिबंधितच समजणार आणि त्याला दोषही देता येणार नाही. नळीवरचं पूर्ण नाव परवान्यावर आहे का ते बघा.

मग शस्त्रविक्रेत्याकडे जाऊन बोर सांगा आणि एकच विचारा: "आज किती काडतुसं देता, आणि पुढच्या वर्षी देता का?" छत्रपती संभाजीनगर, पुणे, हैदराबाद, मुंबई इथल्या चार दुकानांत फोन करा. दोन ठिकाणी तरी ठोस होकार आला नाही तर ही रायफल वापरायची नाही, ठेवायची, असं समजूनच किंमत ठरवा. घरी काडतूस भरून घेण्याचा सल्ला देणारे भेटतील. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. विकणारा डबाभर जुनी काडतुसं "फुकट" देत असेल तर तुमच्या परवान्यावर तेवढी मर्यादा आणि तेच बोर आहे का ते आधी बघा. हिरवट गंज चढलेली, मानेला चीर गेलेली काडतुसं उडवायची नाहीत. ती विक्रेत्याकडे द्या.

बोर बदलून घेतलेली रायफल, म्हणजे "काडतूस मिळत नव्हतं म्हणून मिस्त्रीने .३१५ची करून दिली", कितीही स्वस्त असली तरी सोडा. तिचा दाब कुणी तपासलेला नसतो आणि कागदावर बोर जुनंच असतं.

लोखंड

तपासणी दिवसाउजेडी, परवानेधारकासमोर, शक्यतो विक्रेत्याच्या दुकानात. सोबत छोटा एलईडी टॉर्च, सुती चिंध्या, नळी साफ करायचा गज, व्हर्नियर कॅलिपर आणि त्या बोरची दोन-तीन डमी काडतुसं. पेचकस नेऊ नका. दुसऱ्याची रायफल उघडायची नाही, आणि नेला की हात शिवशिवतात.

रिकामी करणं. बहुतेक लिव्हर रायफलींचं मॅगझिन नळीखालच्या दुसऱ्या नळीत असतं, ते सहसा बाहेर काढता येत नाही. तोंड सुरक्षित दिशेला धरून लिव्हर पूर्ण खाली-वर करत राहा, काडतूस बाहेर येणं थांबेपर्यंत, आणि त्यानंतर आणखी तीनदा. मग लिव्हर उघडा ठेवून चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) करंगळी घाला आणि टॉर्चने मॅगझिनच्या तोंडाशी ढकलणी, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाचा काडतुसं रेटणारा तुकडा, दिसते का बघा. ढकलणी दिसली नाही तर आत काडतूस अडकलेलं असू शकतं. स्प्रिंग मऊ पडलेली असेल आणि काडतूस दमटपणाने चिकटलेलं असेल तर ते दहा वेळा लिव्हर ओढूनही येत नाही आणि अकराव्यांदा येतं. जुन्या लिव्हर रायफलीचे अपघात बरेचसे असेच होतात.

नळी. गजावर चिंधी लावून नळी पुसा, मग तोंडाकडून आणि चेंबरकडून दोन्ही बाजूंनी बघा. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, कडेला धारदार दिसायला हवेत. काळपट असून आटे खडे असतील तर चालेल. गंजाचे खड्डे चेंबरच्या पुढच्या चार इंचांत असतील तर नाही. तिथे दाब सगळ्यात जास्त असतो. हे खड्डे का पडतात तर जुन्या काडतुसांच्या टोपीत (बुडाशी असते ती, दारू पेटवणारी) पोटॅशियम क्लोरेट असे. उडाल्यावर त्याचं मिठासारखं क्षार उरतं आणि हवेतलं पाणी ओढतं. नुसतं तेल लावून ते जात नाही, गरम पाण्याने धुवावं लागतं. हे ज्याला माहीत नव्हतं त्याच्या रायफलची नळी दोन पावसाळ्यांत खलास झालेली असते. तोंडाची गोल कड बोटाने चाचपा. गज सतत तोंडाकडून घातल्यामुळे ती एका बाजूला झिजली असेल तर गोळी वाकडी जाते. नळीच्या आत एखादी काळी अंगठी दिसली आणि बाहेरून त्याच जागी फुगवटा लागला तर कधीतरी अडकलेल्या गोळीमागे दुसरी उडवलेली आहे. ती रायफल नको.

बोर खात्रीने मोजायचं असेल तर तेल लावलेला मऊ शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने नळीतून हळू ढकलून काढतात आणि त्याचा व्यास मोजतात. हे काम विक्रेत्याच्या मिस्त्रीकडून करून घ्या. .३०-३०ला आट्यांच्या तळाशी ७.८२ मिमी येतात, .३२ स्पेशलला ८.१५ मिमी. दोन्ही बोरं एकाच १८९४ मॉडेलमध्ये निघत. .३२ स्पेशलच्या चेंबरमध्ये .३०-३० बसतं आणि उडतंही, पण गोळी आटे धरत नाही आणि निशाणा भरकटतो. "नेम लागत नाही" या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं.

घोडा आणि चाप. बहुतेक जुन्या विंचेस्टर-मार्लिनला वेगळी सेफ्टी नसते, अर्ध्या खाचेवरचा घोडा हीच सेफ्टी. रिकाम्या रायफलवर घोडा अर्ध्या खाचेवर ठेवा आणि चाप चांगला दाबा. घोडा पडता कामा नये. मग पूर्ण चढवा आणि मागून अंगठ्याने पुढे ढकला, तरीही पडू नये. पडला तर खाच झिजलेली आहे किंवा कुणीतरी चाप हलका करायला कानस चालवलेली आहे. विंचेस्टर १८९४मध्ये लिव्हर पूर्ण मिटून दाबल्याशिवाय चाप सुटत नाही, अशी एक छोटी खुंटी असते. लिव्हर किंचित उघडा ठेवून चाप दाबून बघा. घोडा पडला तर खुंटी काढून टाकलेली आहे. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे सेफ्टीची ही पद्धत झेपेल का, याचा विचार वेगळा करा. मॅगझिन रिकामं करायलाही एकेक काडतूस चेंबरमधून फिरवावं लागतं.

कुलूप. १८९४मध्ये लिव्हर मिटला की बोल्टच्या (काडतुसाला मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागे लोखंडी ठोकळा खालून वर येतो. मागून बघा: तो पूर्ण वर येऊन रिसीव्हरच्या पाठीला समतल बसायला हवा. खाली राहत असेल तर झिजलेला आहे. बोल्ट मिटलेला असताना मागे-पुढे हलवून बघा. तो जाणवण्याइतका हलला तर काडतुसामागे पोकळी आहे. नक्की मापन गो-नोगो गेजनेच होतं, ते मिस्त्रीकडे असलं तर करून घ्या. गेज नसेल तर उडालेल्या पुंगळ्या बघा: टोपी बुडाबाहेर आलेली किंवा बुडाच्या जरा वर चमकदार वळं उठलेलं असेल तर पोकळी वाढलेली आहे. १८९५ .३०-०६मध्ये हा दोष सर्रास सापडतो, म्हणून तिथे गेजशिवाय सौदा नको. १८७३ची यंत्रणा तर त्याहून मऊ, दोन सांध्यांच्या कडीची. ती काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती. .४४-४०ची जोरदार काडतुसं १८९२साठी निघत, ती १८७३मध्ये घालायची नसतात, पण बसतात.

फेड. डमी काडतुसं भरून लिव्हर आधी हळू, मग जोरात चालवा. लिव्हर-रायफल हळू चालवली की जास्त अडते, तेव्हा निव्वळ हळू चालवून नापास करू नका. दोन काडतुसं एकाच वेळी वर येऊन अडकत असतील, विशेषतः मार्लिनमध्ये, तर काडतूस उचलणाऱ्या पट्टीवर लिव्हरच्या टोकाने खाच पाडलेली असते. पट्टी बदलली की दुरुस्त होतं, पण भारतात ती मिळेल का हा प्रश्न उरतो. नळी-मॅगझिनच्या रायफलीत टोकदार गोळीचं काडतूस घालायचं नाही हे विकणाऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं: मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या टोपीवर टेकलेलं असतं, धक्क्याने ते मॅगझिनमध्येच उडू शकतं. चपट्या नाकाचीच घ्यायची. सॅव्हेज ९९मध्ये फिरतं मॅगझिन असल्याने तिला ही अडचण नाही, तिला दस्त्याची आहे.

दस्ता. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश, हवा कोरडी ठाक, आणि जुलैत ओल. अक्रोडाचं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसात फुगतं. दस्ता रिसीव्हरला जिथे मिळतो तिथे मागच्या शेपटीशेजारी केसासारखी चीर शोधा. सॅव्हेजमध्ये ती हमखास त्याच जागी असते. उन्हाळ्यात सैल झालेला स्क्रू आवळू नका, पावसाळ्यात लाकूड फुगलं की तिथेच फुटतं. तळाचा पत्रा मिस्त्रीकडून काढून घेतल्यावर वाळवीची माती दिसली तर दस्ता गेला.

मुलामा आणि अक्षरं. नवा चकचकीत निळा मुलामा दिसला की किंमत वाढवायची नाही, कमी करायची. कोपरे गोल झालेले, अक्षरं पुसट, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट, या घासून मुलामा दिल्याच्या खुणा. स्क्रूच्या खाचा चेंबलेल्या असतील तर कुणीतरी आत शिरलेलं आहे. १९६४नंतरच्या विंचेस्टर ९४मध्ये पत्र्याचे दाबलेले भाग आले, म्हणून जाणकार १९६४च्या आधीची मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

खरी-खोटी ओळखायला शिक्के बघा. विंचेस्टरवर साधारण १९०५पासून नळी आणि रिसीव्हर दोन्हींवर लंबवर्तुळात 'डब्ल्यू पी' हा शिक्का असतो. नळीवर आहे आणि रिसीव्हरवर नाही, किंवा उलट, तर एक भाग बदललेला आहे. इंग्लंडमार्गे हिंदुस्थानात आलेल्या रायफलींवर लंडन किंवा बर्मिंगहॅमचे मुकुटाचे चाचणी शिक्के सापडतात: मुकुटाखाली 'एन पी' म्हणजे धुरविरहित दारूची चाचणी झालेली. 'नॉट इंग्लिश मेक' असा ठसा असेल तर ती १९२५ ते १९५५ या काळात तिथल्या चाचणीगृहातून गेलेली आहे. निजामकालीन म्हणून सांगितलेल्या रायफलीवर हा ठसा असणं चांगलं लक्षण. याउलट कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, अक्षरं वरखाली, क्रमांक हाताने ठोकलेला असेल तर ती नक्कल. स्पेनची 'एल टिग्रे' ही १८९२ची नक्कल मात्र रीतसर कारखान्यात बनलेली आहे, तिला खोटी म्हणायचं कारण नाही, विंचेस्टरची किंमत द्यायचंही नाही.

चाचणी गोळीबार

फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, आणि गोळी विकणाऱ्याने त्याच्या परवान्यावर उडवायची. शेतात नको, लग्नात तर मुळीच नको; आनंदाचा गोळीबार २०१९पासून स्वतंत्र गुन्हा आहे. ५० मीटरवर टेकून पाच गोळ्या. तळहाताखाली पाचही झाकल्या तर जुन्या उघड्या माशीच्या रायफलीला पास. चाप दाबून आवाज आला नाही तर तोंड निशाण्याकडे ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मगच लिव्हर उघडा. जुनी दारू उशिरा पेटते. प्रत्येक पुंगळी उचलून बघा, वर सांगितलेल्या खुणांसाठी.

किंमत आणि नंतरचे दिवस

किंमत ठरवताना विक्रेता बहुधा "बाहेरची आहे, आता येत नाही" यावर भाव चढवतो. आयात बंद असल्यामुळे ते खरंही आहे. पण दुर्मीळ रायफलीचं दुर्मीळ काडतूस हा तुमचा तोटा असतो, त्याचा फायदा विकणाऱ्याने घेऊ नये. काडतूस मिळत नसेल, नळीत खड्डे असतील किंवा मुलामा नवा असेल, तर प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र कपात मागा, तिन्ही मिळून एक "थोडं कमी करा" म्हणू नका. आणि मूळ बिल, जुना परवाना, उर्दू कागद हे सगळं रायफलीसोबत मागून घ्या. संग्राहक त्याचे पैसे देतात आणि विकणाऱ्याला ते बहुधा रद्दी वाटतात.

४५ दिवस थांबायचं आहेच. त्या काळात लोखंडी पेटी भिंतीत बसवून घ्या आणि सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवा. चामड्याच्या किंवा कापडाच्या म्यानात रायफल पावसाळाभर ठेवली की गंज म्यानाच्या आकारात उठतो. बाहेरून अगदी पातळ तेलाचा हात द्या. जास्त तेल लावलं तर उन्हाळ्यातली धूळ त्यात बसून कानसेसारखी घासते. लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं तेल, बोटाने चोळून, पुसून.

शेवटची गोष्ट निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवाना शस्त्रं ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असं धरलं तर ती वेळ वारंवार येते. जमा करण्याआधी नळीत आणि बाहेर तेल लावा, दस्त्यावरच्या चिरा आणि ओरखडे मोबाइलवर तारखेसह टिपून ठेवा, आणि पावतीवर बोर, बनवणाऱ्याचं नाव व क्रमांक लिहिलेला आहे ना हे ठाण्यातून निघण्याआधी वाचा. मालखान्यातून परत घेताना घोडा, लिव्हर आणि अर्ध्या खाचेची चाचणी पुन्हा तिथेच करा, सही नंतर.